दवाखान्याची इंग्रजी

आमच्या भागात 'मेडिकल' हे दुकान असतं. "मेडिकल उघडलं असलं तर डोक्याची गोळी आण," असं म्हातारी माणसंसुद्धा नातवंडांना सांगतात. इंग्रजीत हा शब्द एकटा उभा राहत नाही, त्याला पुढे स्टोअर नाहीतर कॉलेज असं काहीतरी लागतं. आमच्या लोकांनी पुढचं शेपूट कापून टाकलं आणि विशेषणाचं दुकान करून टाकलं. तसंच बाकीच्या शब्दांचं. बाईचं सिझर होतं, पोराला सलाईन लावतात, बापूंना शुगर निघते, अण्णांचा बीपी वाढतो आणि भावकीतल्या कुणाला तरी अटॅक येतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आजीला शेवटच्या काळात पंचवीस-तीस इंग्रजी शब्द येत होते. त्यातले थोडे एसटी स्टँडवरचे, बाकी सगळे दवाखान्यातले.

हे शब्द तिला कुणी शिकवले? वर्ग नाही, पुस्तक नाही, मास्तर नाही. दुखण्यानं शिकवले. खेड्यातली माणसं इंग्रजी कशी शिकली याचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्यात शाळेइतकाच मोठा धडा दवाखान्याचा असेल.

पूर्वी आजारांची नावं आमचीच होती. पटकी, कावीळ, गोवर, कांजिण्या, गालगुंड, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. नाव ऐकलं की आजार डोळ्यांपुढे उभा राही. गाल फुगले की गालगुंड, अंग धनुष्यासारखं वाकलं की धनुर्वात. एके काळी तर शब्द उलट दिशेनेही गेले. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. उलटी-जुलाबांनी माणूस काही तासांत संपवणाऱ्या आजाराला इथले लोक काय म्हणतात, ते त्याने त्यात नोंदवलं. तो शब्द आपल्या 'मोडशी'चाच भाऊ. पोर्तुगीजांनी तो उचलला, आपल्या जिभेवर वळवला आणि पुढे बराच काळ वापरला. दुखणं ज्याच्या अंगावर येतं त्याच्याकडून डॉक्टरने नाव शिकून घ्यायचं, अशीही रीत होती तर.

देवीच्या रोगाची गोष्ट आणखी वेगळी. आपल्या देशातली देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. लस परदेशी, टोचण्याची रीत परदेशी, पण खेड्यापर्यंत येईतो तिचं नाव मराठी झालेलं होतं. 'देवी काढणे' म्हणजे लस टोचणे. रोगही देवी, रोगावरचा उपायही देवी, आणि टोचायला येणारा माणूस तो देवीडाक्टर. माझ्या दंडावर त्या टोचणीचा गोल वण अजून आहे. माझ्या लहानपणी देवीचा रोगी कळवणाऱ्याला बक्षीस मिळेल असं भिंतींवर रंगवलेलं असे, आणि ती रक्कम शेवटी एक हजार रुपयांपर्यंत गेली. १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला. मग बक्षीस कुणालाच मिळेना, भिंतीवरची अक्षरं मात्र पावसाने पुसेपर्यंत राहिली.

प्लेग मात्र स्वतःचं नाव घेऊन आला. १८९६ मध्ये तो मुंबईत दिसला आणि पुढच्याच वर्षी सरकारने साथरोगांचा कायदा केला. घरात घुसून तपासण्या, सामानाची जाळपोळ, माणसं उचलून छावणीत नेणं, हे सगळं त्या एका शब्दाबरोबर आलं. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामागे हाच संताप होता. आमच्याकडे लोक गावठाण सोडून रानात झोपड्या घालून राहिले. आजीची आई त्याला 'पिलेगाचं साल' म्हणायची. आजी सांगे, "पिलेग म्हणलं की म्हातारी दाराकडं बघायची." शब्दाची भीती रोगाइतकीच असे, कारण तो शब्द म्हणणारा साहेब असे आणि त्याला उलट विचारायची सोय नव्हती.

त्यानंतर वीस-एक वर्षांनी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएन्झाची साथ आली. तिला मात्र लोकांनी आपलं नाव दिलं, 'मानमोडी'. ताप आला की मान टाकून माणूस पडायचा, म्हणून मानमोडी. नाव ठेवल्याने एकही जीव वाचला नाही हे खरं. तरी बायाबापड्या एकमेकींना दुखणं सांगू शकत होत्या.

डॉक्टरीचं सगळं शिक्षण इंग्रजीतच व्हायचं असं काही आधीपासून ठरलेलं नव्हतं. मुंबईत १८२६ मध्ये देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी सरकारी शाळा निघाली होती. डॉ. मॅक्लेनन तिचे प्रमुख होते. सहा वर्षांत, १८३२ मध्ये, ती बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं ते इंग्रजीतून. डॉ. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीतले. पुढे त्याच कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्गही काही काळ चालले. तिथे शिकवणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी शरीर, रोग आणि बाळंतपण या विषयांवर मराठीत पुस्तकं लिहिली. हे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. पण मराठी वर्गातून बाहेर पडणाऱ्याला मान कमी आणि पगारही कमी. ज्याला मोठा डॉक्टर व्हायचं त्याने इंग्रजीचीच वाट धरली, आणि त्याच वाटेने पुढे सगळे गेले. मराठीत शिकलेला डॉक्टर पिढ्यानपिढ्या टिकला असता तर माझ्या आजीला 'इन्फेक्शन' म्हणजे काय, हे कुणीतरी तिच्या भाषेत सांगितलं असतं.

आमचं गाव मिरजेपासून एसटीने तासाभराच्या वाटेवर. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उभं केलं आणि पुढे ते गावच दवाखान्यांचं झालं. "त्याला मिरजेला नेलंय," एवढं म्हटलं की दुखणं किती मोठं ते पारावर सगळ्यांना कळे. पण मिरज शेवटचा उपाय. रोजच्या दुखण्याला बाजारगावातला डॉक्टर, आणि डॉक्टरापेक्षा त्याचा कंपाउंडर.

कंपाउंडर हा आमचा पहिला दुभाषा. दवाखान्याला जाताना बाटली घरून न्यायची, धुऊन. तो खिडकीच्या आत बसून दोन-तीन बरण्यांतलं काहीबाही ओतून गुलाबी मिक्स्चर तयार करायचा. मग कागदाची उभी पट्टी घेऊन कात्रीने तिला खाचा पाडायचा आणि ती बाटलीला चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. "सकाळी एक खाच, रातच्याला एक खाच. हलवून घ्या आजी." वाचता न येणाऱ्या माणसाला वाचता येईल असं यापेक्षा सोपं औषधाचं लेबल मी पुढे कधी पाहिलं नाही. १९४८ चा फार्मसी कायदा झाला, औषध देणाऱ्याला शिक्षण आणि नोंदणी लागू लागली, तयार गोळ्यांची पाकिटं आली. यात सुरक्षितता आली हे नक्की. बरणीत काय होतं ते कंपाउंडरलाच ठाऊक असे, पाकिटावर निदान छापलेलं तरी असतं. पण ते छापलेलं इंग्रजीत होतं, आणि खाचांची पट्टी गेली.

सरकारनेही आपली भाषा आणली. १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू होऊ लागली. पुढच्या वर्षी हिवतापाची मोहीम निघाली. फवारणीवाले घरोघर डीडीटी मारायचे आणि दाराशेजारी तारीख लिहून जायचे. पाटीवर रुग्णालय, शस्त्रक्रिया, रक्तदाब, प्रतिजैविक असे शब्द आले. लोकांना हे शब्दही इंग्रजीइतकेच परके. त्यांनी पाटीवरचं 'प्राथमिक आरोग्य केंद्र' वाचलं आणि 'सरकारी दवाखाना' म्हटलं. काही शब्द मात्र रुजले. तांब्याची तार असलेल्या साधनाला बायकांनी 'तांबी' म्हटलं आणि डॉक्टरही तेच म्हणू लागले. मीठ-साखरेच्या पाण्याची 'जलसंजीवनी' झाली. 'लस' आणि 'भूल' तर कुणी विसरूच शकत नाही. जो शब्द तोंडात बसतो आणि ऐकताच काहीतरी दाखवतो, तो राहतो. बाकीचे पाटीवर राहतात.

मी १९७४ साली पाचवीत गेले. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून असे, पहिलीपासून ती थेट २००० मध्ये आली. दिवाळीपर्यंत मला सव्वीस अक्षरं ओळखू येऊ लागली आणि आळीत माझी किंमत वाढली. दुपारी कामं आटोपली की बायका पदराखालून पाकिटं काढायच्या. "बाय, ही कशाची गं?" मी अक्षरं जुळवून नाव वाचायची. नाव कळलं तरी गोळी कशाची ते मला तरी कुठून कळणार? मग आम्ही आणखी खूण शोधायचो. "ही पिवळी, गेल्या खेपेला सासूबाईंच्या पोटाला दिलेली." अशा रंगावरून, आकारावरून गोळ्या ओळखल्या जात. नावाने नाही. शेजारच्या मुलाला माझ्यापेक्षा इंग्रजी बरी येत होती, तो सातवीत होता. पण बायकांची पाकिटं त्याच्याकडे जात नसत. 'अंगावरून जातं' ही गोष्ट मुलासमोर काढायची कशी?

पुढे शिक्षिका झाल्यावर मला त्या चिठ्ठीवरच्या अक्षरांचा उलगडा झाला. ती इंग्रजीही नव्हती! ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. ही सगळी लॅटिनची आद्याक्षरं. चिठ्ठीच्या डोक्यावर जी तंगडी मारलेली खूण असते तिचाही अर्थ लॅटिनमध्ये 'घे' एवढाच. आमच्या थोरल्या चुलत्यांना एकदा औषधवाला म्हणाला, "आबा, ही बीडी घ्यायची." आबा खूश झाले आणि म्हणाले, "ती तर चालूच हाय की."

या गोंधळातून औषधवाल्यांनी स्वतःच वाट काढली. १-०-१. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. आमच्याकडे अंगठा उठवणारी बाईसुद्धा 'एक-शून्य-एक' न चुकता वाचते. मराठी नाही, इंग्रजी नाही, लॅटिन नाही. खाचांच्या पट्टीची ती नात म्हणायला हरकत नाही.

हे सगळं गमतीचं वाटेल, पण एका शब्दावर जीव अडकतो तेव्हा गंमत राहत नाही. माझ्या थोरल्या काकींना पायाच्या जखमेसाठी पेनिसिलिनची सुई दिली गेली. पेनिसिलिन तेव्हा मोठं नावाजलेलं, १९५४ मध्ये पिंपरीला सरकारी कारखाना निघाल्यापासून तर आपल्याच देशात तयार होणारं. काही मिनिटांत काकींच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. डॉक्टरांनी धावपळ करून उलटी सुई दिली आणि त्या वाचल्या. निघताना डॉक्टरांनी जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'पेनिसिलिन' लिहून खाली तांबड्या रेघा ओढल्या. म्हणाले, "काकी, हा कागद कुंकवासारखा जपायचा. जिथं जाल तिथं आधी हा दाखवायचा."

काकींनी तो कागद मेणकापडात गुंडाळून चंचीत शिवून टाकला. आणि शब्द पाठ केला. भाकरी थापताना म्हणायच्या, "पेनिशिलीन, पेनिशिलीन." त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो शब्द कागदावर कसा दिसतो ते त्यांनी बोटाने गिरवून लक्षात ठेवलं होतं. मिरजेच्या एका परिचारिकेने त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. या औषधाची भावकी मोठी आहे. अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन. पुढचं नाव बदलतं, शेवटचं 'सिलिन' तेच. आपल्याकडे आडनावाच्या शेवटी 'कर' लागतं तसं. पुढे वीस-बावीस वर्षांनी एका दवाखान्यात दाताच्या दुखण्यासाठी त्यांना गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा मी सोबत होते. काकींनी विचारलं, "नाव काय हिचं?" त्या मुलाने भराभर नाव सांगितलं. काकी म्हणाल्या, "शेपटाला शिलीन लागलंय व्हय? मग मला न्हाई चालत." आणि चंची उसवून पुठ्ठा पुढे ठेवला. डॉक्टरांनी चिठ्ठी बदलली. काकी चौऱ्याऐंशी वर्षं जगल्या. त्यात त्या शब्दाचा वाटा आहे असं मी मानते.

पण काकींना शब्द दिला तो डॉक्टरने आणि परिचारिकेने. त्यासाठी त्यांना थांबावं लागलं, दोन मिनिटं बोलावं लागलं. म्हणून रोग्याने इंग्रजी शिकायची हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे. आमच्या बायकांनी शुगर, बीपी, सोनोग्राफी शिकून घेतलं. पण 'कसंतरी होतंय', 'जीव घाबरा होतो', 'पोटात डहुळतंय', 'अंग मोडून आलंय', 'उसण भरली' याला त्यांच्याकडे इंग्रजी शब्द नाही, आणि दुखणं खरं तर याच शब्दांत असतं. ठणकणं वेगळं, चमकणं वेगळं, सलणं वेगळं. इंग्रजीत शिकून आलेला डॉक्टर यातलं एकच ऐकतो, 'पेन'.

ज्यांनी ऐकलं त्यांना काय सापडलं ते आपल्याच राज्यात घडलेलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. तिथल्या दोन खेड्यांत साडेसहाशे स्त्रियांची तपासणी झाली, आणि तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. शंभरातल्या ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोग होता. त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठ. म्हणजे 'अंगावरून पांढरं जातं' हे वाक्य घरोघर होतं, पण ते ऐकायला समोर कुणी नव्हतं. तिकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्याच, कित्येकदा निरक्षर, बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्या बायकांनी डॉक्टरांची विद्या शेजारणीच्या भाषेत सांगितली. हे दोन्ही प्रयोग वाचले की मला पाचवीतली दुपार आठवते. आमच्या आळीला इंग्रजी येणारी पोरगी मिळाली होती, दुखणं ऐकणारी बाई मिळाली नव्हती.

२०२० मध्ये कोरोना आला आणि इंग्रजी शब्दांचा लोंढा आला. क्वारंटाइन, सॅच्युरेशन, व्हेंटिलेटर, स्कोअर. मानमोडीसारखं एखादं नाव ठेवायलाही कुणाला उसंत मिळाली नाही. 'पॉझिटिव्ह' म्हणजे वाईट आणि 'निगेटिव्ह' म्हणजे चांगलं, हे आमच्या गावाने आठवड्यात शिकून घेतलं. दुसऱ्या लाटेत पोरं 'रेमडेसिविर' लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन या शहरातून त्या शहरात धावली, कुणी दागिने मोडले. रुग्णालयातल्या कोविड रुग्णांना हे औषध देऊ नये, त्याने जीव वाचतो असा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं. इतका अवघड शब्द गावाने बिनचूक उच्चारला. 'हे दिलंच पाहिजे का?' हा साधा मराठी प्रश्न विचारायचं धैर्य मात्र कुणाला झालं नाही. शब्द तोंडात आले तरी विचारण्याचा हक्क आपोआप येत नाही.

आता काही गोष्टी बदलताहेत. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम २०१६ मध्ये झाला. तो सगळीकडे पाळला जातो असं नाही. त्याच वर्षी सरकारने लोकांना पाकिटावरची लाल उभी रेघ ओळखायला सांगितलं. ती रेघ असली तर गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. रेघ वाचायला अक्षर लागत नाही.

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाच्या बैठकीत आशाताईंनी रिकामी पाकिटं सतरंजीवर मांडली आणि तासभर शिकवलं. पाकिटावरचं एक नाव कंपनीचं, दुसरं नाव औषधाचं. तापाच्या दोन पाकिटांवर कंपनीची नावं वेगळी असली, तरी औषध 'पॅरासिटामॉल' एकच असू शकतं. मग दोन्ही घेतल्या तर औषध दुप्पट पोटात जातं. 'एक्सपायरी'पुढचा महिना संपला की गोळी फेकायची. आणि दुकानातून उठण्याआधी चार गोष्टी विचारायच्या. गोळी कशाची, किती दिवस, उपाशीपोटी की जेवून, आणि काय झालं तर बंद करायची. चारही प्रश्न मराठीत.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारची सूनबाई मेडिकलमध्ये गेली. दहा गोळ्यांच्या पाकिटातल्या चारच हव्या होत्या. दुकानदाराने कात्री लावली तशी ती म्हणाली, "दादा, नावाकडून कापू नका. नाव आन् तारीख माझ्याकडं राहू द्या." त्याने पाकीट फिरवलं आणि दुसऱ्या बाजूने कापून दिलं.